आधी वॅटचा हिशेब

प्रिय बेटा,

तुझा मेल आणि सोबतचा अहवाल, दोन्ही नीट वाचले. डिशच्या आरशानं ऊन एकवटून रिॲक्टरमधल्या, म्हणजे बंद भट्टीतल्या, मँगनीज ऑक्साइडच्या गोळ्या तापवायच्या; ऑक्सिजन सोडताना त्या उष्णता धरतात, रात्री तो परत घेताना ती देतात, हा तुझा विषय. सूर्याचा नाद सोडून उरलेले प्रयोग इलेक्ट्रिक फर्नेसवर उरकावेत का, गाईड म्हणतात तसा सिम्युलेशनवर प्रबंध पुरा करावा का, की सोलर पॅनलच्या कंपनीतली नोकरी घ्यावी, असे तीन प्रश्न तू विचारलेस. त्यांच्याकडे येतोच. पण चाळीस पानांच्या त्या अहवालात मी एकच गोष्ट शोधत होतो आणि ती कुठंच सापडली नाही. हीट बॅलन्स, म्हणजे किती उष्णता आली आणि कुठं कुठं गेली याचा जमाखर्च.

थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) १०५० अंश दाखवतं, या तापमानाला मँगनीज ऑक्साइडनं ऑक्सिजन सोडायलाच हवा, पण ऑक्सिजन मोजणाऱ्या ॲनालायझरवर अपेक्षेच्या पाचवा हिस्साही दिसत नाही, असं तू लिहिलंस आणि पुढच्याच ओळीत गोळ्यांना दोष देऊन मोकळी झालीस. आता लोह मिसळायचं, गोळ्या जास्त सच्छिद्र करायच्या. थांब. उष्णता गोळ्यांपर्यंत पोचली की नाही हेच तुला माहीत नाही, मग रसायनाला का बोल लावतेस?

चल, तुझ्या वतीनं मीच मांडतो. डिश २ मीटर व्यासाची, म्हणजे क्षेत्रफळ ३.१४ चौरस मीटर. उन्हाचा आकडा तू दर चौरस मीटरला ९५० वॅट धरलास. कुठून आणलास? गच्चीवरच्या पायरॅनोमीटरवरून. तो अख्ख्या आकाशाचा उजेड मोजतो. आरशाला एका जागी आणता येतो तो फक्त सूर्यबिंबाकडून सरळ आलेला किरण. ढगांवरून, धुळीतून विखुरलेला उजेड त्याच्या काही कामाचा नाही. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो, म्हणून आपल्याला वाटतं की ऊन उदंड आहे. हवा तापलेली असते, हे खरं. पण आकाश धुरकट पांढरं पडलेलं असलं की सरळ किरण चांगलाच मार खातो, आणि तो मोजायला पायरहेलिओमीटरच लागतो. समज, त्यावर ८०० आला. झाले २५०० वॅट. आरसा ८५ टक्के परावर्तन करतो आणि त्यातला तीन चतुर्थांश भाग रिॲक्टरच्या तोंडात शिरतो असं धरलं तर उरले १६००. क्वार्ट्झच्या काचेवरून सात-आठ टक्के परत फिरणार.

आता ते तोंड. तू ते १० सेंटिमीटरचं ठेवलंस, 'ट्रॅकिंग थोडं चुकलं तरी किरण आत यावेत म्हणून'. १००० अंशांना तापलेली पोकळी दर चौरस मीटरला सुमारे १५० किलोवॅट बाहेर फेकते. १० सेंटिमीटरच्या उघड्या तोंडातून हे झाले जवळपास ११७० वॅट. तेच तोंड ६ सेंटिमीटरचं असतं तर ४२०. (काच यातलं काही अडवते, पण मग ती स्वतः तापते, तिची ओळ वेगळी मांड.) म्हणजे जे मिळालं त्यातलं बहुतेक तू तोंडातूनच परत देऊन टाकतेस, आणि इन्सुलेशनमधून गळणारी उष्णता तर अजून धरलीच नाही. हेच गणित १५०० अंशांवर करून बघ. ६ सेंटिमीटरच्या तोंडातूनसुद्धा सगळेच्या सगळे १६०० वॅट परत जातात. हायड्रोजन काढायला वापरतात त्या सिरियम ऑक्साइडला तेवढं तापमान लागतं, म्हणून ते तुझ्या डिशवर होणार नाही. मग गोळ्या कितीही सुंदर बनव.

गोळ्यांची बाजूही मांड. अर्धा किलो मँगनीज ऑक्साइडमधून पूर्ण रूपांतर झालं तर १७ ग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन निघतो, आणि त्यासाठी साधारण १०० किलोज्यूल खर्ची पडतात. पण त्या गोळ्या नुसत्या १००० अंशांपर्यंत न्यायलाच ४०० हून जास्त लागतात. मोठा खर्च क्रियेचा नाहीच, दगड तापवण्याचा आहे. हे कागदावर मांडलं असतंस तर गोळ्यांच्या मागे लागलीच नसतीस.

राहता राहिलं १०५०. तुझं थर्मोकपल सरळ झोतात आहे. ते गोळ्यांचं तापमान सांगत नाही, त्याच्या स्वतःच्या टोकावर ऊन पडल्यावर ते टोक किती तापलं एवढंच सांगतं. शटर बंद कर आणि आकडा बघ. सेकंद-दोन सेकंदांत धाडकन कोसळला तर तू ऊन मोजत होतीस. गोळ्यांच्या पुढच्या थरामागे, आडोशाला दुसरं थर्मोकपल बसव. तिथं ७०० दिसले तरी मला नवल वाटणार नाही. फर्नेसमध्ये उष्णता चारी बाजूंनी येते, उन्हात एकाच तोंडानं येते. मँगनीज ऑक्साइड हवेत ९०० ते १००० च्या पट्ट्यात ऑक्सिजन सोडतं. मागचा थर तिथवर पोचलाच नसेल तर तो कशाला काही सोडेल?

तुझा मित्र म्हणतो, पॅनल लाव, विजेनं पाणी फोडणारा इलेक्ट्रोलायझर जोड, हायड्रोजन काढ. हायड्रोजनपुरतं त्याचं बरोबर आहे आणि मी तुला खोटा धीर देणार नाही. पॅनलचे २० टक्के आणि इलेक्ट्रोलायझरचे दोन तृतीयांश मिळून उन्हातल्या ऊर्जेच्या तेरा टक्क्यांच्या आसपास तो हायड्रोजनमध्ये उतरवतो. सूर्याच्या उष्णतेवर सिरियम ऑक्साइडचं चक्र चालवणारे २०१० मध्ये एक टक्क्याच्याही खाली होते. झ्युरिकच्या ईटीएच विद्यापीठाच्या गटानं २०१७ मध्ये ५.२५ टक्के गाठले. २०२२ मध्ये माद्रिदजवळच्या मोस्तोलेसच्या सौर मनोऱ्यावर, ५० किलोवॅटच्या रिॲक्टरमध्ये, ४.१ टक्के मिळाले. आकडे लहान आहेत, पण मी त्या लोकांना मानतो. का? प्रत्येक वॅट कुठं गेला ते त्यांनी मांडून ठेवलंय. दर फेरीला ऑक्साइड तापवायचं आणि पुन्हा थंड करायचं यातच मोठा हिस्सा जातो आणि ती उष्णता आपण परत मिळवलेली नाही, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. म्हणून पुढं काय करायचं ते जगाला कळलं. सहावर हिशेब जुळलेला असेल तर मी त्यावर घर बांधीन. वीसवर अधांतरी असेल तर नाही.

तुझा विषय तर हायड्रोजन नाहीच, दिवसाची उष्णता रात्रीसाठी धरून ठेवण्याचा आहे. मँगनीज आपल्या दारात आहे. मनसरची खाण रामटेकच्या वाटेवर, डोंगरी बुजुर्ग शेजारच्या भंडारा जिल्ह्यात, मँगनीज काढणाऱ्या मॉइल या सरकारी कंपनीचं मुख्यालय याच शहरात. जिथं कोराडी आणि खापरखेड्याच्या कोळशावरच्या वीजकेंद्रांची धुराडी दिसतात तिथं हे काम व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं. (खाणीतलं खनिज इतक्यात आणू नकोस. त्यात सिलिका असते, लोह असतं. आधी शुद्ध ऑक्साइडवर हिशेब जुळव.)

माझ्याबद्दल विभागात काय बोललं जातं ते तुझ्या कानावर आलं असेलच. मी अडेलतट्टू, एक पेपर अडवून ठेवला आणि अख्खा प्रकल्प बुडवला. ऐक. आम्ही लाकडी कोळशासोबत झिंक ऑक्साइड सूर्यावर तापवत होतो. झिंकची वाफ काचेवर जाऊन बसायची, काच काळवंडायची, मग तीच ऊन पिऊन तडकायची. तरीही एका मोसमात आकडे असे आले की सगळे हरखले. मी बॅलन्स मांडला, तर एक तृतीयांश उष्णतेचा पत्ताच लागेना. वरिष्ठ म्हणाले, पाठवून द्या, तळटीप लिहू. मी नाही म्हणालो. निधी थांबला, पुढं जागेची गरज पडली आणि डिश भंगारात गेली. ती एक तृतीयांश उष्णता कुठं गेली हे मला आजही ठाऊक नाही, आणि खंत आहे ती एवढ्याचीच. पेपर न पाठवल्याची नाही. आज कुणी तोच कागद समोर ठेवला तरी मी सही करणार नाही. त्या आकड्यावर विसंबून दुसऱ्या कुणाच्या पोरांनी भट्ट्या बांधल्या असत्या, त्यांची उमेदीची वर्षं त्यात गेली असती. याला कुणी अडेलपणा म्हणत असेल तर म्हणो.

आता तुझे तीन प्रश्न. फर्नेस जरूर वापर, गोळ्यांचा स्वभाव कळायला. पण त्या आकड्यांना सौर म्हणू नकोस. सिम्युलेशनही कर, पण तोंडाशी मोजलेला झोत घालून. कल्पनेतला घातलास तर चित्रं रंगीत येतील आणि त्यातलं एकही खरं नसेल. नोकरीचं तू आणि घरचे ठरवा. घराला पैसा हवा असेल तर घे, त्यात काही कमीपणा नाही. पण न जुळलेल्या हिशेबाला घाबरून निघालीस तर मला वाईट वाटेल, आणि ते मी तोंडावर बोलूनही दाखवीन.

या आठवड्यात रिॲक्टर उतरव. त्याच्या जागी कॅलरीमीटर, म्हणजे आत आलेली उष्णता मोजायचं साधन, लाव. फ्रिज-एसीवाल्याकडून तांब्याची नळी घे, हिंगण्याच्या एमआयडीसीत कुणाकडूनही तिची घट्ट गुंडाळी करून घे, आतून काळी कर आणि तिच्यातून पाणी सोड. तोंड आधी १० चं, मग ६ चं. मिनिटाला २ लिटर पाणी १० अंशांनी तापलं तर १४०० वॅट आत आले असं समज. प्रत्येक नोंदीसमोर घड्याळाची वेळ आणि पायरहेलिओमीटरचा आकडा हवा. तो आकडा नसेल तर नोंद मला पाठवूच नकोस. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात आकाश निवळलं की तीच मोजणी पुन्हा कर.

आणि फोटोत तू क्वार्ट्झची काच उघड्या बोटांनी धरलेली दिसलीस. घामातला क्षार त्या तापमानाला काचेत पांढरे डाग पाडतो आणि तिथूनच ती तडकते. हातमोजे घाल, अल्कोहोलनं पुस, मगच बसव.

तुझे,
सर