यॉर्कशायर डेल्समध्ये चार दिवस

प्रश्न : आमची मुलगी नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये लीड्सला राहते. जूनमध्ये आम्ही उभयता तिच्याकडे जाणार आहोत. लेक डिस्ट्रिक्टऐवजी यॉर्कशायर डेल्समध्ये चार दिवस काढावेत, असे तिचे म्हणणे आहे. तेथे पाहण्यासारखे काय आहे? आम्ही तेथे गाडी चालवणार नाही आणि माझे गुडघे दुखतात.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : मुलीचे ऐकावे. लेक डिस्ट्रिक्टसारखे मोठे तलाव डेल्समध्ये, म्हणजे यॉर्कशायरच्या या दऱ्यांमध्ये, नाहीत. पण ज्याला गावे आणि शेते पाहण्याची आवड आहे, त्याला हा प्रदेश अधिक भावेल, असे आमचे मत आहे. 1954 मध्ये याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. मात्र उद्यान म्हटले की आपल्याला जंगल आठवते, तसे हे नव्हे. येथील बहुतेक जमीन खासगी मालकीची असून तिच्यावर आजही शेती आणि मेंढपाळी चालते, आणि डोंगर इतके उघडेबोडके दिसतात ते बऱ्याच अंशी शतकानुशतकांच्या चराईमुळे.

दरीच्या तळापासून डोंगरमाथ्यापर्यंत दगडी गडगे चढत गेलेले दिसतात. ते चुना-मातीशिवाय रचलेले असतात : दोन्ही अंगांना मोठे दगड, मध्ये बारीक दगडांची भर आणि दोन्ही बाजू बांधून ठेवणारे लांब आडवे दगड. स्वेलडेल या दरीत तर ठिकठिकाणी कुरणातच दगडी गोठे उभे आहेत. पूर्वी वर माळ्यावर वैरण आणि खाली गुरे अशी हिवाळ्याची सोय असे, आणि साचलेले शेण त्याच कुरणात पसरले जाई, त्यामुळे वाहतुकीचे कष्ट वाचत. म्यूकर गावाजवळची कुरणे जूनमध्ये रानफुलांनी भरलेली असतात. गवत कापणी साधारणतः जुलैपासून होते, तेव्हा आपला महिना अगदी योग्य आहे. कुरणांतून फरसबंद पायवाट जाते, तिच्यावरून एकामागोमाग एक चालावे, कारण ते गवत म्हणजे शेतकऱ्याची हिवाळ्याची बेगमी असते.

दक्षिणेकडे चुनखडीचा मुलूख आहे. मॅलम कोव्ह हा सुमारे 80 मीटर उंचीचा अर्धवर्तुळाकार कडा असून त्याच्या पायथ्यातून ओढा बाहेर पडतो. वरच्या मॅलम टार्न तळ्यातून निघून जमिनीत गडप होणारे पाणीच हे असावे, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात ते पाणी मॅलम गावाच्या खालच्या अंगाला झऱ्यांतून वर येते आणि कड्याखालचा ओढा दुसऱ्याच पाण्याचा आहे.

गाडी नसल्याची फारशी अडचण नाही. लीड्सहून सेटलमार्गे कार्लाइलला जाणारी रेल्वे घ्यावी आणि रिबलहेडला उतरावे. तेथील 24 कमानींचा पूल स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. हा मार्ग 1980 च्या दशकात बंद पडण्याच्या बेतात होता. लोकांनी नेटाने विरोध केल्यामुळे 1989 मध्ये तो वाचला. स्वेलडेलला मात्र रेल्वे नाही आणि बसफेऱ्या मोजक्याच असतात, म्हणून मुक्कामाची जागा ठरवण्यापूर्वी त्या दिवसांचे वेळापत्रक पाहून घ्यावे. जून असला तरी रेनकोट आणि स्वेटर बरोबर असू द्यावेत.

राहिला गुडघ्यांचा प्रश्न. मॅलम कोव्हच्या माथ्यावर जाण्यासाठी सुमारे 400 दगडी पायऱ्या आहेत आणि वरच्या भेगाळलेल्या खडकावर, विशेषतः पावसानंतर, पाय घसरतो. आपण गावापासून कड्याच्या पायथ्यापर्यंतच्या सोप्या वाटेने जावे. मुलीला हवे तर तिने वर चढावे.