आजोबांच्या पेटीतले निळे नकाशे

प्रश्न : माझे आजोबा कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते. त्यांच्या पेटीत वाफेच्या इंजिनांच्या सुट्या भागांचे निळे नकाशे सापडले. ते लॅमिनेट करून घ्यावेत का? उरलेले नकाशे कोठे शोधावेत? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : लॅमिनेशन मुळीच करू नका, ते पुन्हा सोडवता येत नाही, आणि चिकटपट्टीही तितकीच घातक. निळ्या ब्लूप्रिंटचा रंग उजेडाने उडतो, शिवाय अल्कलीनेही नष्ट होतो, म्हणून जुन्या कागदपत्रांसाठी एरवी सुचवला जाणारा अल्कलीयुक्त कागद येथे चालत नाही. उदासीन, अल्कली न मिसळलेला कागद घालून नकाशे सपाट ठेवावेत. एखादा नकाशा कलफ दिलेल्या ट्रेसिंग कापडावर असेल, तर त्याला ओला बोळाही लावू नये, कारण कलफ सुटून शाई पसरते. छायाचित्र घेताना शेजारी मोजपट्टी ठेवावी.

शोधाची सुरुवात नकाशाच्या कोपऱ्यातील चौकटीपासून करावी. तेथे नकाशाचा क्रमांक, इंजिनाचा वर्ग आणि बहुधा कारखान्याचे नाव असते. कुर्डुवाडीचा कारखाना मूळचा बार्शी लाइट रेल्वेचा. १८९७ मध्ये सुरू झालेल्या, रुळांमध्ये अडीच फूट अंतर असलेल्या या रेल्वेची सुरुवातीची इंजिने इंग्लंडमधील लीड्सच्या किटसन कारखान्याने बांधली होती, त्यामुळे ते नाव दिसल्यास यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाकडे क्रमांकासह विचारणा करावी. तेथे ब्रिटिश इंजिन कारखान्यांच्या नकाशांचा मोठा साठा आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयालाही पत्र लिहावे; मात्र मूळ नकाशे टपालाने पाठवू नयेत, प्रतीच पाठवाव्यात.