रजई नव्हे, वाकळ!

प्रश्न असा: फ्लॅनेलचे चौकोन जोडून, शिवणी बाहेर ठेवून करतात त्या 'रॅग क्विल्ट'ला मराठीत रजई म्हणावं का?

नाही! हल्ली दिसेल ते जाड पांघरूण 'रजई' होतं. रजईला खोळ असते, खोळीत पिंजलेला कापूस असतो. इथे खोळच नाही. फ्लॅनेलचे १० इंची दोन चौकोन, मध्ये ८ इंची वॅडिंग (आतलं मऊ भरण), वरून फुलीसारखी तिरकी शिवण. असे चौकोन पाठीला पाठ लावून अर्ध्या इंचावर जोडायचे, म्हणजे कडा दर्शनी बाजूला उभ्या राहतात. त्यांना अर्ध्या-अर्ध्या इंचावर चिरा देऊन धुतलं की झालर पिंजते. पॉपलीन घेतलं तर नुसते दोरे लोंबतात. आणि चीर टाक्याला लागली, की शिवण उसवलीच म्हणून समजा.

गोधडीही नव्हे, तिचे थर अंगभर धावदोऱ्याने धरलेले असतात. ही वाकळ. जाडीभरडी, फाटक्या कापडांची, कडा सुटलेली.

आता खरी गंमत. वाकळ म्हणजे वल्कल! वल्कलचं प्राकृतात वक्कल, जसं उल्काचं उक्का. पुढे 'क्क'चा एक 'क' गळतो आणि आधीचा स्वर लांबतो: चक्र, चक्क, चाक. शेवटच्या 'ल'चा 'ळ' तर कमल-कमळ, फल-फळ असा रोजचाच. ऋषींची झाडाची साल आपल्या अंथरुणात आली, ती अशी. दोरासाठी घायपाताचा 'वाक', म्हणजे तंतू, काढतात, तोही माझ्या मते 'वल्क'च्याच कुळातला.

'अंगाबरोबर वाकते म्हणून वाकळ' असं सांगणाऱ्यांनी तो 'ळ' कुठून आला तेही सांगावं. चादर वाकत नाही की काय? एक आक्षेप मात्र रास्त आहे: वल्कल नपुंसकलिंगी, मग 'ती वाकळ' कशी? माझं उत्तर: गोधडी, दुलई, पासोडी, चादर, घोंगडी, पांघरुणांचा हा सगळा गोतावळाच स्त्रीलिंगी. त्यात एकटं नपुंसक किती दिवस टिकणार?

हां, आडव्या-उभ्या शिवणी जिथे भेटतात तिथे कडा दोन्हीकडे उघडून मगच शिवा, नाहीतर आठ पदरांच्या गाठीवर सुई मोडते. आणि पहिल्या धुण्याला मशीनची जाळी साफ करायला विसरू नका. लव भसाभस निघते.