सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवू नका ताई, गाळ गाडीनंच निघतो

ताई, सगळ्यात पहिले हेच सांगतो, बाकीचं नंतर. उद्या तो माणूस आला तर त्याला टँकमध्ये उतरू देऊ नका. तो स्वतः म्हणाला "मला सवय आहे" तरी नाही.

तुम्ही लिहिलं की घर नागपुरात बेसा रोडकडे, खाली तुम्ही वर भाडेकरू, नऊ वर्षांत टँक एकदाही उपसली नाही, आता खालच्या संडासात पाणी टाकलं की गुडगुड करून वर येते. मैला ओढायची सक्शनची गाडी बोलावली तर गाडीवाल्यानं अर्ध्या तासात वरचं पाणी ओढलं, ट्रिपचे पैसे घेतले आणि म्हणाला खाली गाळ घट्ट झाला, माणूस उतरवून बादलीनं काढावा लागेल, त्याचे पंधराशे वेगळे. आणि सासरे म्हणून राहिले की पहिले तर माणूसच उतरायचा. मी १४ वर्षं सक्शनच्या गाडीवर काढली, आधी हेल्पर, मग ड्रायव्हर, म्हणून जरा लांब लिहितो.

गाळ घट्ट झाला हे खरं असेल. पण तो खाली राहिला कारण त्यानं काम उलट्या क्रमानं केलं. टँकमध्ये तीन थर असतात, वर साय, ती वाळलेल्या शेणासारखी टणक होते, मधात पाणी, आणि बुडाला काळा गाळ. आता मधलं पाणी आधीच ओढून घेतलं तर गाळ वाहून न्यायला उरलं काय? पाईप नुसता गाळात रुततो, त्याच्याभोवती खड्डा पडतो, त्यातून हवा शिरते आणि फर्रफर्र आवाज सुरू होतो. तो आवाज आला की गाडीवाला म्हणतो झालं, खाली.

गाडीचं काम कसं चालते ते थोडं समजून घ्या, म्हणजे तुम्हाला समोर उभं राहून बोलता येईल. गाडीवरचा पंप मैल्याला हातही लावत नाही. तो फक्त गाडीच्या टाकीतली हवा काढतो, आत हवा कमी झाली की बाहेरची हवा मैल्यावर दाब देऊन त्याला पाईपातून वर ढकलते. म्हणून टाकीवर हवेची ओढ पाऱ्याच्या इंचात दाखवणारा काटा असतो तो बघा. काटा २० इंचावर गेला तर हिशोबानं पाणी साधारण २२ फूट वर चढू शकते. तुमची टँक सहा-सात फूट खोल, गाडीच्या टाकीचं तोंड वर सहा फूट, म्हणजे ताकद पुरेशी आहे. काटा १० च्या वर जातच नसेल तर कुठल्या तरी जॉइंटचं वायसर गेलं किंवा पाईपाला भोक आहे, आणि गाळ न यायचं कारण तेच, गाळ घट्ट असणं नाही. पाईप १०० फूट लांबून आणला असेल तरी ओढ कमी पडते, गाडी जितकी जवळ लावता येईल तितकी लावायला सांगा.

आता घट्ट गाळाचं. अनुभवी ड्रायव्हर असा करतो: पहिले वरची साय बांबूनं फोडतो, मग पाईप सरळ बुडाला टेकवून ओढायला लागतो, पाणी असतानाच. टाकीत हजार-दीड हजार लिटर आलं की वॉल्व्ह फिरवून तेच पाणी दाबानं परत टँकमध्ये मारतो, पाईपाचं तोंड बुडाशी कोपऱ्याकोपऱ्यात फिरवत. गाळ उठतो, पिठल्यासारखा पातळ होतो, की लगेच वॉल्व्ह उलटा करून ओढून घेतो. दोनदा, तीनदा. हुडकेश्वरकडे एका घरी बारा वर्षांची टँक होती, पहिल्या झटक्यात गाडीच्या काचेच्या खिडकीत, जिथून आत काय येते ते दिसते, नुसतं मळकट पाणी दिसत होतं, तिसऱ्यांदा परत मारलं तेव्हा काच एकदम काळी झाली आणि पाईप हातात जड पडून थरथरायला लागला. तोच खरा गाळ. तिथं दोन तास लागले, पण कोणाचा पाय आत गेला नाही.

तुमच्याकडचं पाणी तर गेलं, म्हणून गाडी यायच्या आदल्या रात्री टँकमध्ये हजारेक लिटर पाणी सोडून ठेवा, पिण्याचं नको, बोअरचं चालते, पण वरच्या सायेखालच्या गाळापर्यंत ते मुरू द्या. दुसरं, गाडी बोलवताना फोनवरच विचारा, "परत मारून गाळ उठवता का?" जो म्हणेल ते आम्ही करत नाही, त्याला नको म्हणा. जेटिंगचं मशीन असलेली गाडी मिळाली तर अजून चांगलं, दाबाच्या पाण्यानं गाळ वरूनच फुटतो.

सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा, ते खोटं नाही बोलत, पहिले माणूस उतरायचाच. पण मी एकदा काय पाहिलं ते त्यांना सांगा. एका सोसायटीत आमच्याच गाडीचा हेल्पर, २२-२३ वर्षांचा पोरगा, पाईपात कापड अडकलं म्हणून पोटावर झोपून नुसतं डोकं आणि एक हात चेंबरच्या आत घातला. उतरला नव्हता, हे लक्षात घ्या. पाच-सात सेकंदांत त्याचे पाय ढिले पडले. मी पँटच्या पट्ट्याला धरून मागं ओढला, चेहरा राखेसारखा झालेला. हवेवर आल्यावर थोड्या वेळानं शुद्धीवर आला, दवाखान्यात नेला, वाचला. मी त्या दिवशी दोन पावलं लांब असतो तर तो आत डोक्यावर पडला असता. आजही झाकण उघडलं की मला पहिले त्याचे पाय दिसतात.

आतला गॅस म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्याचा वास येतो तो. फसवणूक अशी की थोडा असला तर वास येतो आणि जास्त झाला, साधारण १०० पीपीएमच्या वर, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग, की नाक बधिर होऊन वासच येत नाही. माणसाला वाटते गॅस निघून गेला. शिवाय तो हवेपेक्षा जड, बुडाशी बसून राहतो, आणि बराचसा गाळातच दबलेला असतो, पाय पडला की उसळतो. म्हणून "सकाळपासून झाकण उघडं ठेवलं" याला काही अर्थ नाही. रुमाल बांधून काही होत नाही. आणि दिवा किंवा काडी पेटवून तर अजिबात बघू नका, आत मिथेनपण असतो, भडका उडतो. पेपरात वाचता ना, एक बेशुद्ध पडला, काढायला दुसरा गेला, मग तिसरा. ते असंच होते.

कायद्याचंही सांगतो, कारण सासरे म्हणतील आपलं काय जाते. हातानं मैला काढायला बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानं सुरक्षेच्या साधनांशिवाय सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणं गुन्हा आहे, आणि तो फक्त ठेकेदाराला लागत नाही, काम सांगणाऱ्यालाही लागतो. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टानं अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. कोणी बिनधास्त माणूस उतरवून राहिला असेल किंवा गाडी कुठून बोलवायची ते कळत नसेल तर १४४२० हा हेल्पलाइन नंबर याच कामासाठी आहे. मनपाच्या हद्दीत असाल तर झोन ऑफिसातही विचारा.

पैशाचा हिशोब. टँकची लांबी, रुंदी, पाण्याची खोली फुटात मोजा, गुणाकार करा, त्याला २८ नं गुणा, लिटर निघतात. समजा ८ बाय ५ आणि ६ फूट पाणी, म्हणजे २४० घनफूट, जवळपास ६७०० लिटर. गाडी ४००० लिटरची असेल तर एका ट्रिपमध्ये अर्ध्याच्या वर थोडी रिकामी होईल, तुमचं कदाचित हेच झालं. म्हणून "पूर्ण टँकचे किती" असा भाव ठरवा, ट्रिपचा नाही. आणि आतमध्ये भिंत असते, दोन कप्पे असतात, दोन्ही झाकणं उघडून घ्या.

मैला कुठं टाकणार हेही विचारा बरं. रात्रीतून नाल्यात सोडणारे आहेत. नाल्यातलं नागनदीत, नागनदीतलं कन्हानमध्ये, तिथून वैनगंगेत, गोसेखुर्दच्या पाण्यात. प्रक्रिया केंद्रावर खाली करणारा असेल तर शे-दोनशे जास्त गेले तरी द्या.

उपसल्यावर टँक धुवून चकाचक करायला लावू नका, बुडाला चार बोटं गाळ राहू द्या, त्यातलेच जंतू पुढचा मैला कुजवतात. लगेच थोडं पाणी भरा. पावसाळ्यात जमीन पाण्यानं फुगलेली असताना तर पूर्ण रिकामी करूच नका, प्लास्टिकची टँक असेल तर चक्क वर उचलली जाते.

एक गोष्ट मात्र तुम्हालाच बघावी लागेल. गाडी टँक खाली करत असताना आउटलेटच्या, म्हणजे टँकमधलं पाणी बाहेर नेणाऱ्या पाईपाकडं लक्ष ठेवा. तिथून पाणी उलटं टँकमध्ये येत असेल तर तुमचा शोषखड्डा, म्हणजे ते पाणी जमिनीत मुरवायचा खड्डा, भरला आहे, आणि आपल्याकडच्या काळ्या मातीत ते नेहमीचंच, पाणी मुरतच नाही. तसं असलं तर टँक कितीही उपसा, महिन्याभरात पुन्हा गुडगुड सुरू. शोषखड्ड्याचा उपाय वेगळा आहे. नाही आलं उलटं, तर दर दोन-तीन वर्षांनी उपसत जा, नऊ वर्षं थांबू नका, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला तारीख रंगानं लिहून ठेवा.

गाडी येऊन गेली की आउटलेटचा आणि काट्याचा फोटो टाका, मग शोषखड्ड्याचं बघू.