अंगठा तोंडात जाण्याआधी काय घडतं?

“पाच वर्षांची झाली तरी अंगठा सुटत नाही, काय करू?” हा प्रश्न माझ्याकडे इतक्या वेळा येतो की आईच्या सुरावरूनच तो ओळखू येतो. घरच्यांचं ऐकून झालेलं असतं, शाळेतल्या बाईंचं झालेलं असतं, दातांच्या डॉक्टरांचंही. कडू औषध, हातमोजे, रागावणं, बक्षिसाचं आमिष, सगळं करून थकल्यावर ही मंडळी माझ्यासमोर बसतात.

मूल तीन-साडेतीन वर्षांचं असेल तर माझं उत्तर सरळ आहे: सध्या काहीही करू नका. चोखण्याची ओढ बाळ जन्मतःच घेऊन येतं. पोटातल्या बाळाने तोंडात घातलेला अंगठा सोनोग्राफीतही दिसतो. बहुतेक मुलं दोन ते चार वर्षांच्या दरम्यान तो आपणहून सोडतात. लक्ष घालायचं ते पक्के दात येण्याची वेळ जवळ आली की, म्हणजे साधारण सहाव्या वर्षाच्या सुमाराला. त्यातही अंगठा नुसता तोंडात ठेवणारं मूल वेगळं आणि गाल आत ओढून जोराने चोखणारं वेगळं. जोराने चोखणाऱ्या मुलाचे वरचे दात पुढे येऊ शकतात, तोंड मिटलं तरी पुढच्या दातांमध्ये फट राहू शकते, टाळू अरुंद होऊ शकतो.

ओवी (नाव बदललं आहे) जोराने चोखणाऱ्यांतली. वय साडेपाच. उजव्या अंगठ्याच्या पेरावर घट्टा, नखाजवळची कातडी पाण्यात भिजल्यासारखी पांढरी.

“मॅडम, शाळेत एकदाही घालत नाही,” आई म्हणाली. “म्हणजे तिला जमतं. घरी मुद्दाम करते.”

“घरी केव्हा?”

“सारखाच. दिवसभर.”

‘सारखाच’ हे उत्तर मी कधी धरून चालत नाही. आईबाबांना मी एक वही करायला सांगितली. ओवीला काही बोलायचं नाही, फक्त लिहायचं: अंगठा तोंडात जाण्याच्या लगेच आधी काय चाललं होतं? किती वेळ चोखला ते नको.

वहीत झोपेची वेळ होती, टीव्ही होता. हे अपेक्षितच. खरी गोष्ट सापडली ती माझ्या खोलीत. ओवी टेबलापाशी चित्र काढत होती. डाव्या हाताने कागद धरलेला, उजव्या हातात खडू. आई मला सांगू लागली, “परवा तर पाहुण्यांसमोरच अंगठा...” खडू थांबला. ओवीने तो अगदी हळू खाली ठेवला, अंगठा तोंडात गेला आणि दुसऱ्या हाताची बोटं फ्रॉकची कड चोळू लागली. आई बोलतच होती. मी तिच्या हातावर हात ठेवला आणि नजरेनेच ओवीकडे पाहायला सांगितलं.

आई गप्प झाली. मी ओवीच्या चित्राकडे वळले. “या मांजरीला पाच पाय कसे गं?” अंगठा बाहेर आला, कारण उत्तर देणं भाग होतं. “तो पाय नाहीये! शेपूट आहे!”

पुढचा अर्धा तास तो आत गेला नाही.

ओवी बाहेर खेळायला गेल्यावर आईने हळूच विचारलं, “म्हणजे मी बोलते म्हणून ती घालते?”

“तुम्ही बोलता तेव्हा तिला लाज वाटते. आणि लाज वाटली की धीर द्यायला तिच्याजवळ तोच असतो.”

मग वही आम्ही पुन्हा वाचली. ‘हात काढ म्हटलं, काढला, परत घातला’ अशा नोंदी पानोपानी होत्या. बोलायचं नाही असं ठरूनही शब्द निसटत होते, आणि प्रत्येक वेळी अंगठा परत जात होता. इतकी वर्षं हे काम केल्यावर मला वाटतं, माझं अर्धं काम म्हणजे आईबापांना असा एक क्षण डोळ्यांनी दाखवणं. तो दिसला की मला फार सांगावं लागत नाही.

बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात बाळाचा अंगठा, पांघरुणाचा तुकडा, मऊ खेळणं यांचा विचार केला. आई आणि बाहेरचं जग यांच्यामधल्या जागेत मूल स्वतःला सावरायला काहीतरी शोधतं, हे मी त्यांच्याकडून शिकले. म्हणून मी अंगठ्याशी भांडत नाही. बक्षिसाचे तक्तेही उपयोगी पडतात, पण मुलाचं स्वतःचं मन तयार झाल्यावर. आधी लावले तर एक स्टार हुकला की पुन्हा तीच लाज.

ओवीच्या घरी पहिलं काम ठरलं ते अंगठ्याबद्दल पूर्ण मौन. आजी-आजोबा, काका, शेजारी, सगळ्यांना आईने तसं सांगून ठेवलं. मला विचाराल तर हेच सर्वांत कठीण. टीव्हीसमोर हाताला काम: मणी ओवणं, मातीचा गोळा. झोपेच्या वेळेला हातच लावला नाही, कारण तो अंगठा सगळ्यांत शेवटी सुटतो. त्याऐवजी दिवे मालवल्यावर बाबा थोडा वेळ तिच्याजवळ पडून राहू लागले.

घर निवळल्यावर मी ओवीशी बोलले.

“अंगठा केव्हा नको वाटतो गं तुला?”

तिने बराच विचार केला. “मैत्रीण राहायला येईल ना, तेव्हा.”

हे तिचं स्वतःचं कारण होतं. मग खूणही तिनेच ठरवली: आईने आपला कान धरायचा, बोलायचं नाही. रात्री अंगठ्याला चिकटपट्टी हवी, हेही तिनेच सुचवलं. पट्टी तीच, पण मोठ्यांनी जबरदस्तीने लावली असती तर ती शिक्षा ठरली असती. दिवसाचा अंगठा आधी सुटला, रात्रीचा काही महिन्यांनी.

आजारपण, शाळाबदल, घरात नवं बाळ अशा वेळी अंगठा पुन्हा दिसेल. तेव्हा ‘परत सुरू झालं का तुझं?’ असं म्हणू नका. ठरलेली खूण वापरा आणि मुलाजवळ जरा जास्त बसा. पक्के दात डोकावू लागले आणि सवय तरीही जोरात असेल, तर दातांच्या डॉक्टरांना दाखवाच. काही वेळा ते वरच्या दातांमागे जाळी बसवायला सुचवतात. ती कशासाठी आहे हे बसवण्याआधी मुलाला डॉक्टरांकडूनच समजावून द्या, आणि त्याला विचारायचे तेवढे प्रश्न विचारू द्या.