वाचकांचे प्रश्न : आजारी माणसाच्या खात्यातले पैसे

सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांत या वेळी एकच अडचण पुन्हा पुन्हा दिसली. घरातलं माणूस अंथरुणाला खिळलं, पैसे त्याच्या एकट्याच्या नावावर, आणि घरच्यांच्या हातात अधिकाराचा कागद नाही. त्यांतली चार पत्रे घेत आहोत.

प्रश्न : वडील (वय ७३) रेल्वेतून निवृत्त. महिन्यापूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं बंद आहे, पण सगळं समजतं. मान हलवून हो-नाही सांगतात. पेन्शनचं खातं त्यांच्या एकट्याचं, नॉमिनी आई. बँक म्हणते, सही जुळल्याशिवाय पैसे मिळणार नाहीत. मुखत्यारपत्र करावं का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : वडिलांना समजते आणि हो-नाही सांगता येते, यावरच तुमचा सगळा मार्ग ठरतो. शरीर साथ देत नसले तरी समज शाबूत असेल तर काम बँकेतच होते. समज गेली तर कोर्ट गाठावे लागते.

नॉमिनीचा मुद्दा आधी बाजूला ठेवा. त्याचा अधिकार खातेदाराच्या मृत्यूनंतर सुरू होतो. वडील हयात असताना आईंना नॉमिनी म्हणून एक रुपयाही काढता येणार नाही.

सही करता न येणाऱ्या आजारी खातेदारांसाठी रिझर्व्ह बँकेने पद्धत घालून दिली आहे आणि ती पेन्शनच्या खात्यालाही लागू आहे. चेकवर किंवा पैसे काढायच्या स्लिपवर खातेदाराचा अंगठा घ्यायचा. हाताचा जमत नसेल तर पायाचा. बँकेच्या ओळखीच्या दोन स्वतंत्र साक्षीदारांनी तो ठसा त्यांचाच असल्याचे सांगायचे. या दोघांपैकी एक बँकेचाच जबाबदार अधिकारी असावा लागतो. अंगठाही उठत नसेल तर साधी खूणही चालते, साक्षीदार तसेच दोन. पैसे प्रत्यक्ष कोण नेणार हेही खातेदाराने सांगायचे. त्या माणसाची ओळख साक्षीदार पटवतात आणि तो स्वतःच्या सहीचा नमुना बँकेला देतो.

काउंटरवर तोंडी विचारलेत तर 'सही जुळत नाही' एवढेच ऐकायला मिळेल. शाखा व्यवस्थापकांच्या नावे लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारखेसह पोच घ्या. सोबत डॉक्टरांचा दाखला लेटरहेडवर, नोंदणी क्रमांकासह जोडा. त्यात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात : सही का करता येत नाही, रुग्ण शुद्धीत आहे व व्यवहार समजू शकतो, आणि ही स्थिती तात्पुरती आहे की कायमची. बहुतेक अर्ज इथेच अडतात. 'रुग्ण अर्धांगवायूने आजारी आहे' एवढाच दाखला पाहून कोणताही अधिकारी समजुतीची जबाबदारी अंगावर घेणार नाही.

सत्तरीपुढच्या आणि आजाराने जायबंदी झालेल्या खातेदारांना घरपोच सेवा द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सांगितले आहे. अर्जात त्याचा उल्लेख करून अधिकाऱ्याने घरी यावे अशी विनंती करा. ते येतील तेव्हा अंगठा ओल्या फडक्याने पुसून कोरडा करा, पॅडवर हलकेच टेकवा. जोर दिला की रेषा पसरतात आणि ठसा बाद होतो. सलाइनमुळे सुजलेला हात टाळा. ठशाशेजारी नाव आणि कोणत्या हाताचा अंगठा ते लिहा. वडिलांनी स्वतः होकार द्यायचा, तुम्ही फक्त हाताला आधार द्यायचा. गुंगीतल्या माणसाचा अंगठा धरून उठवणे म्हणजे त्याची संमती नव्हे, आणि वाटणीच्या भांडणात नेमका हाच कागद अंगाशी येतो.

त्याच भेटीत दुसरे कामही उरका. केंद्र सरकारचे पेन्शन पत्नीबरोबरच्या जोडखात्यात घेता येते. कुटुंबनिवृत्तिवेतनासाठी पेन्शनच्या आदेशात आईंचे नाव असले की झाले. खाते 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात राहील तो' या पद्धतीचे करून घ्या, म्हणजे आईंच्या सहीने दरमहा पैसे निघतील. मुदत ठेवींची गोष्ट मात्र वेगळी. ठेव याच पद्धतीची जोडनावाची असली तरी मुदतीआधी मोडायला दोघांच्याही सह्या लागतात. मुदत पूर्ण झाल्यावर एकाची पुरते. म्हणून कोणती ठेव कधी पुरी होते ते पाहा, आणि ती आपोआप पुन्हा गुंतवली जाऊ नये अशी सूचना वडिलांच्या अंगठ्यानिशी आताच देऊन ठेवा. नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला चुकवू नका. तो राहिला तर पेन्शन थांबते. मोबाइलवर चेहरा दाखवून तो घरूनच देता येतो.

मुखत्यारपत्र आता करता येईल. दुय्यम निबंधक गृहभेटीलाही येतात. पण त्यावर सगळी भिस्त ठेवू नका. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे ते लिहून देणाऱ्याची समज गेली की मुखत्यारी संपते. दुसरा झटका आला तर ज्या दिवशी त्या कागदाची खरी गरज पडेल, त्याच दिवशी तो निरुपयोगी होईल. जोडखाते आधी करा.

प्रश्न : माझे पती (वय ४८) अपघातानंतर दोन महिने कोमात आहेत. एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे, मालकी त्यांच्या एकट्याची. चालू खात्यात पैसे आहेत, पण कामगारांचा पगार, सुताचे देणे, घराचा हप्ता सगळं अडलं आहे. बँक दाद देत नाही.
— एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : ताई, बँक इथे नियमानेच वागते आहे. शुद्ध नसलेल्या माणसाचा अंगठा, खूण, मुखत्यारपत्र यांतले काहीच चालत नाही. पत्नी या नात्यानेही खात्यावर अधिकार मिळत नाही.

कोमातल्या माणसाच्या मालमत्तेसाठी पालक नेमण्याची सोय कोणत्याही एका कायद्यात सरळ दिलेली नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून पालकत्व मिळते, पण ते स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांपुरतेच. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातला नामनिर्देशित प्रतिनिधी उपचारांबद्दल बोलू शकतो, पैशांबद्दल नाही. उरतो तो संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात अर्ज. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कोमातल्या पतीची पालक म्हणून पत्नीची नेमणूक केली, तो निकाल वकिलांना दाखवायला सांगा. सोलापूरकरांना यासाठी आता मुंबईला जावे लागत नाही; १८ ऑगस्ट २०२५ पासून आपला जिल्हा कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहे.

तयारी आजपासून करा. दाखल झाल्यापासूनची सगळी वैद्यकीय कागदपत्रे आणि मेंदूविकारतज्ज्ञांचे मत गोळा करा. न्यायालय वैद्यकीय मंडळाकडून तपासणीही करवते. खाती, ठेवी, कर्जे, यंत्रे, वाहने, सातबारा यांची पूर्ण यादी करा. एखादे खाते राहून गेले तर आदेशात त्याचा उल्लेख येत नाही आणि ती बँक पुन्हा हात वर करते. सासू-सासरे आणि सज्ञान मुलांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रे मिळवा. घरच्यांतलाच विरोध सर्वांत जास्त वेळ खातो. नेमणूक झाली की हिशेब सादर करावा लागतो आणि घर-जमीन विकायला सहसा वेगळी परवानगी लागते. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना ही मदत उत्पन्नाची अट न लावता मोफत मिळते, हेल्पलाइन १५१००.

तोवर लक्षात ठेवा की पैसे काढायला अधिकार लागतो, भरायला लागत नाही. गृहकर्जाचा हप्ता, वीजबिल, महापालिकेचा कर, विम्याचा हप्ता तुमच्या खात्यातून भरता येतो. आयुर्विम्याला मासिक हप्त्यावर १५ दिवसांची आणि इतर हप्त्यांवर ३० दिवसांची सवलत असते. आरोग्य विमा असेल तर कॅशलेसचाच आग्रह धरा. बिले नंतर लावलीत तर परताव्याची रक्कम पतींच्याच अडकलेल्या खात्यात जाऊन बसण्याची शक्यता असते. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे, तेव्हा रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आजच भेटा. रुग्णालयाचे बिल खात्यातून थेट रुग्णालयाच्या नावे द्यावे, असाही लेखी अर्ज बँकेला करून पाहा. हमीपत्र घेऊन ते मान्य करणे बँकेच्या मर्जीवर आहे, पण विचारायला हरकत नाही.

व्यापाऱ्यांची येणी स्वतःच्या खात्यात वळवू नका. बिले पतींच्या नावाची आहेत, पैसे त्यांच्याच खात्यात येऊ द्या. पुढे आयकर आणि जीएसटी दोन्हीकडे उत्तर द्यावे लागते. कामगारांना तुमच्याकडून पगार दिलात तर रजिस्टरवर सह्या घ्या. ही रक्कम पालक झाल्यावर हिशेबात दाखवता येते.

प्रश्न : वडील व्हेंटिलेटरवर आहेत. थोरला भाऊ त्यांच्या एटीएम कार्डावर रोज पैसे काढतो. पिन त्याला आधीपासून माहीत होता. हे चालतं का?
— एक वाचक, होटगी रोड

उत्तर : चालत नाही. कार्ड आणि पिन फक्त खातेदारासाठी असतात. वडील शुद्धीवर असताना त्यांच्या सांगण्यावरून काढलेल्या पैशांना निदान त्यांच्या संमतीचा आधार होता. आता तोही नाही. शिवाय पिन दुसऱ्याला दिल्यामुळे काही फसवणूक झालीच तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान खातेदाराच्या माथी येते. भावाने पैसे दवाखान्यालाच लावले असतील, तर चोर ठरवून भांडण्यापेक्षा एक वही घालायला सांगा : तारीख, रक्कम, कशासाठी, बिल क्रमांक. औषधांच्या पावत्या चिकटवा आणि दर आठवड्याला पानाचा फोटो सगळ्या भावंडांना पाठवा. यापुढे कार्ड बंद ठेवा. वडिलांचे काही बरे-वाईट झाले तर त्यानंतर एकदाही ते वापरले जाता कामा नये. तो पैसा तेव्हा सगळ्या वारसांचा असतो, आणि मृत्यूनंतर जमा झालेले पेन्शन बँक परत वसूल करते.

प्रश्न : आईला स्मृतिभ्रंश आहे, माणसं ओळखत नाही. जमीन आणि सोसायटीचं पीककर्ज तिच्या नावावर. भाऊ म्हणतो, अंगठा घेऊन बक्षीसपत्र करून टाकू.
— एक वाचक, पंढरपूर तालुका

उत्तर : करू नका. व्यवहार समजून स्वतःचे हित-अहित ठरवता येत नसेल, तर त्या माणसाने केलेला करार कायद्याने टिकत नाही. दस्त नोंदला गेला तरी कोणीही वारस तो दिवाणी न्यायालयात रद्द करून घेऊ शकतो. कर्जाचे म्हणाल तर भरणा कोणीही करू शकतो. आईच्या कर्जखात्यावर मुदतीच्या आत रक्कम भरा, पावतीवर 'आईच्या वतीने' असे लिहून आपले नाव घाला, म्हणजे व्याजाची सवलत हातची जाणार नाही. मात्र कर्ज नवे-जुने करायला आईची सही लागते आणि ती आता घेता येणार नाही. गटसचिवांना ही स्थिती लेखी कळवा आणि यंदा नवी उचल मिळणार नाही हे धरूनच पेरणीच्या पैशांची सोय करा.