भावजींच्या गोळ्या आठव्या दिवशी बंद झाल्या

*‘ताई, आम्ही नौपाड्यात राहतो. माझे धाकटे दीर २९ वर्षांचे, ऐरोलीत आयटी कंपनीत आहेत. अडीच महिने कामावर गेलेले नाहीत. दिवसभर दार लोटून पडून असतात. दाराशी ठेवलेल्या चहावर साय धरते, कप तसाच. डॉक्टरांनी डिप्रेशन सांगून एस्सिटालोप्राम दिलं होतं. “सवय लागते” असं शेजारच्या काकू म्हणाल्या आणि सासूबाईंनी आठव्या दिवशी गोळ्या बंद केल्या. त्याला आता पाच दिवस झाले. मी ठाण्याच्या मनोरुग्णालयाचं नाव काढलं तर घरात रडारड, “उद्या याला मुलगी कोण देईल?” परवा भावजी म्हणाले, “वहिनी, मी नसलो की तुम्ही सगळे सुटाल.” मी या घरची सून. कुठवर बोलू?’*

प्रिय वहिनी,

भावजींच्या त्या वाक्यापासूनच सुरू करते, बाकीचं सगळं नंतर. ते वैतागून बोलले असतील असं समजून सोडू नका. आजच, दोघंच असताना, सरळ विचारा: “भावजी, जीव द्यावा असं मनात येतं का?” विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरत नाही. उलट, इतके दिवस एकट्याने वाहिलेलं ओझं बोलून दाखवायला जागा मिळते. ऐकताना “असं बोलू नये” म्हणून तोंड बंद करू नका. उत्तर ‘हो’ असेल, किंवा कसं-कधी हेही ठरवलेलं दिसलं, तर त्यांना क्षणभरही एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. रात्र असली तरी. घरातली सगळी औषधं, फिनेल, ढेकणाची औषधं आजच कुलपात ठेवा. खोलीची आतली कडी त्यांना सांगून काढा, लपून नको. १४४१६ ही सरकारची टेली-मानस सेवा चोवीस तास असते, मराठीतही बोलतात, पैसे पडत नाहीत. घरच्यांनीही फोन केला तर चालतो.

आता गोळ्यांचं. त्या चुकीच्या वेळी बंद झाल्या. या औषधाचा त्रास आधी दिसतो, गुण मागून येतो. पहिल्या आठवड्यात मळमळ, पोट बिघडणं, डोकं दुखणं, झोप उडणं, कधी अस्वस्थता वाढणं असं होतं. मन हलकं व्हायला दोन ते चार आठवडे लागतात, पुरता फरक दिसायला सहाही. म्हणजे तुमच्या घरी आठव्या दिवशी फक्त त्रासच दिसला आणि काकूंचं खरं वाटलं. काकू म्हणतात तशी सवय लागते ती अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारख्या झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्यांची. एस्सिटालोप्रामची तशी ओढ लागत नाही. मात्र महिनोन्महिने घेतल्यावर ते एकदम थांबवलं तर चक्कर येते, चिडचिड होते, म्हणून डॉक्टर हळूहळू कमी करतात. उरलेल्या पाकिटातून तुम्ही आपल्या मनाने पुन्हा सुरू करू नका. डॉक्टरांना फोन करून सांगा, “आठ गोळ्या झाल्या, पाच दिवस बंद आहेत, काय करू?” डोस किती आणि कधी, ते ठरवतील. अस्वस्थता फार वाढली तर तेही लगेच कळवा. बरं वाटू लागल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवावं लागतं. हे आत्ताच घरात सांगून ठेवा, नाहीतर दोन महिन्यांनी “आता ठीक आहे ना” म्हणून पुन्हा बंद पडेल. पाकीट तुमच्याकडे ठेवा आणि रोजची गोळी हातात द्या.

पुढच्या भेटीआधी एका वहीत लिहून न्या: रात्री किती वाजता झोपले, पहाटे कधी जाग आली, दिवसात काय खाल्लं, अंघोळ झाली का, दारू आहे का, घराण्यात कुणाला असं झालं होतं का. थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन तपासायचं का, तेही विचारा. यांच्या कमतरतेनेही माणूस असाच मलूल होतो.

चहा दाराशी ठेवणं थांबवा. दोन कप घ्या, दार वाजवा, आत जा. “दहा मिनिटं बसते, बोलायचं नसलं तरी चालेल.” आणि खरंच दहा मिनिटांनी उठा. “काय कमी आहे तुला?” हा प्रश्न घरात कुणीच विचारू नये. त्याने अपराधीपणा तेवढा वाढतो. “काहीतरी कर” हेही नको. मेथीची जुडी घेऊन बसा, अर्धी त्यांच्यापुढे सरकवा. चार काड्या निवडल्या तरी पुष्कळ, न निवडल्या तर उरलेली तुम्ही निवडा, बोलू नका. आठवड्याभराने संध्याकाळी कचराळी तलावाला एक फेरी, फक्त एक.

‘ठाण्याला पाठवा’ हा टोमणा ठाण्यातच राहणाऱ्याला किती लागतो हे मला कळतं. ते रुग्णालय १९०१ सालचं. मनाच्या आजारांवरची गुणकारी औषधं १९५० नंतर आली. तोवर आत गेलेला माणूस वर्षानुवर्षं आतच राही, ती भीती अजून आपल्या तोंडी आहे. आज तिथे बाह्यरुग्ण विभागात दाखवून, गोळ्या घेऊन माणसं घरी परततात. ते नाव घरात पेलवत नसेल तर कळव्याच्या पालिका रुग्णालयातही मानसोपचार विभाग आहे. नाव कुठलं यावर भांडत आठवडे घालवू नका.

लोकांना काय सांगायचं, हे ठरवण्याचा हक्क भावजींचा. त्यांना विचारून एकच वाक्य ठरवा, जसं “तब्येत बरी नाही, उपचार चालू आहेत, काही महिने लागतील.” तेच सगळ्यांनी सगळ्यांना सांगायचं. एकाने कावीळ सांगितली आणि दुसऱ्याने बदली, तर कुजबुज तिथेच सुरू होते. स्थळं आत्ता थांबवा. पुढे लग्न ठरेल तेव्हा मुलीला आधी सांगावं असं माझं स्पष्ट मत आहे. लपवून लग्न केलं की गोळ्याही लपवाव्या लागतात, आणि लपवलेल्या गोळ्या चुकतात. विम्याचे कागदही काढून बघा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं असतं.

राहिल्या सासूबाई. त्यांच्याशी तुम्ही वाद घालू नका, हे काम तुमच्या यजमानांचं. त्या दुष्टपणाने नाही, घाबरून वागताहेत. त्यांना शांत करायची असेल, नवस बोलायचा असेल तर करू द्या, फक्त डॉक्टरांची तारीख त्यासाठी हलवायची नाही. भावजींची हरकत नसेल तर पुढच्या भेटीला यजमानांनी आईंना बरोबर न्यावं आणि त्यांचे प्रश्न त्यांनाच विचारू द्यावेत: सवय लागेल का, किती दिवस घ्यायच्या, लग्न होईल का. काकूंच्या तोंडून ऐकलेलं त्यांना डॉक्टरांच्या तोंडून पुन्हा तपासून बघायला मिळेल. तुम्ही वही घेऊन मागच्या खुर्चीत बसा.